सुतळीचं वाक्य

६ मार्च

ताई,

आधी खुशाली विचारायची रीत आहे, पण आज ती पाळायची माझी इच्छा नाही. सुतळी परदेशी भाषेच्या तोंडी परीक्षेत नापास झाली, आणि ती तुमच्या बोटामुळे नापास झाली. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मला वाक्य पुरं करू देत नाही. कागदावर तरी मध्येच थांबवता येणार नाही, म्हणून लिहितेय.

काय झालं ते ऐका. परीक्षेच्या खोलीच्या दाराला काच होती आणि बाहेर बाक होतं, त्यामुळे मला आतलं सगळं दिसत होतं. परीक्षक वयस्क गृहस्थ, भला माणूस. त्यांचा चष्मा नाकावरून सारखा घसरत होता. तो वर सारायला ते बोट उचलायचे, आणि बोट उठलं की माझी मुलगी गप्प. हातातलं वाक्य टाकून द्यायची, मान खाली घालायची आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरू. चष्मा घसरत राहिला, ही थांबत राहिली. वेळ संपली तेव्हा स्वतःचं नाव, वय आणि आपण दातांच्या कवळ्या बनवतो, एवढंच तिचं सांगून झालं होतं. परीक्षकांना वाटलं मुलीला बरं वाटत नाहीये. त्यांनी पाणी मागवलं.

वर्षभर तुम्ही तिला हेच शिकवलंत. बोट वर, वाक्य बंद, पुन्हा पहिल्यापासून. आपल्या क्लासमध्ये आलेल्या प्रत्येकाला हेच शिकवलंत. मलाही, मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा. त्या भाषेत 'मला भूक लागली आहे' म्हणायला तुम्ही मला उभं केलं होतंत, आणि माझं ते वाक्य तुमच्या मनासारखं होईपर्यंत घरातल्या सगळ्यांची जेवणं आटोपली होती. विसरला असाल. मी विसरले नाही.

तुम्ही लेकाकडे, दादूकडे परदेशी गेलात आणि क्लास माझ्यावर सोपवलात, म्हणजे तुम्ही येईपर्यंत शब्द माझा. आजपासून बोट बंद. कोणी चुकलं तर मी त्याला अडवणार नाही. त्याचं बोलणं होऊ देईन, आणि मग तेच वाक्य बरोबर करून, गप्पा मारल्यासारखं त्याला परत ऐकवीन. ऐकून ऐकून सुधारतील. लहान मुलं अशीच शिकतात.

दादूने तिकडच्या कवळ्यांच्या लॅबमध्ये सुतळीसाठी नोकरी बघून ठेवली आहे, हे मी विसरलेले नाही. वर्ष संपेपर्यंत जागा ठेवतो असं मालक म्हणालेत, पण ही परीक्षा पास झाल्याशिवाय तिला घेणार नाहीत. जूनमध्ये ती पुन्हा बसेल. तिच्या आणि परीक्षेच्या मध्ये आता तुम्ही येऊ नका.

धाकटी


२५ मार्च

धाकटीला,

पत्र मिळालं. अक्षर सुधारलेलं नाही.

चष्मा परीक्षकांचा घसरला, परीक्षा सुतळीची बुडाली आणि खापर माझ्या माथी. वा! मुलीला चष्म्याचं बोट आणि शिकवण्याचं बोट यातला फरक कळत नसेल, तर तो कळवून देणं आईचं काम. मी तिची काकू आहे.

माझी पद्धत तुला कधी झेपलीच नाही. चूक तोंडातून पडली की तिथल्या तिथे उचलायची असते. घटकाभर पडू दिली की ती घर करते, मग हुसकून जात नाही. आपला क्लास म्हणजे काय थाट आहे? दोन खोल्या, खाली लाँड्री, वाफेने भिंतींचे पोपडे निघालेले, जिना असा की उतरताना पावलागणिक कुरकुरतो. तरी माणसं शहराच्या दुसऱ्या टोकाहून यायची. गप्पा मारायला नव्हे. गप्पा लाँड्रीवाल्याशी फुकट मारता येतात. ती यायची, कारण बाई चूक सोडत नाहीत अशी माझी ख्याती होती.

आता तुझ्या 'परत ऐकवण्या'विषयी. चुकलेल्या माणसाला त्याचंच वाक्य दुरुस्त करून गोड हसून ऐकवलंस, तर त्याला वाटतं बाईंना आपलं म्हणणं पटलं. तो खूश होतो, मान डोलावतो आणि तीच चूक पुन्हा करतो. याला शिकवणं म्हणत नाहीत, लाड म्हणतात. सुतळीचेही तू असेच लाड केलेस.

इकडचं सांगायचं तर, ज्या भाषेसाठी मी आयुष्य वेचलं ती इथे उठल्यापासून कानावर पडते. आणि काय सांगू, किती ढिसाळ बोलतात ही माणसं! आमच्या सूनबाई तर इथल्याच, जन्मापासून हीच भाषा. तरी अर्धे शब्द गिळतात, वाक्य सुरू करतात एकीकडे आणि सोडतात भलतीकडे. परवा जेवताना मला राहवलं नाही, मी बोट वर केलं. आधी त्यांना वाटलं मला मीठ हवंय. मग मी समजावून सांगितलं. तेव्हापासून त्या माझ्यासमोर विचार करून, मोजकं बोलतात. नातीनेही लगेच उचललं. पद्धतीत दम असल्याशिवाय का?

बोट पुन्हा सुरू कर. ही विनंती समजू नकोस.

ताई


१४ एप्रिल

ताई,

अक्षर सुधारलेलं नसताना वाचलंत, उपकार झाले.

सूनबाईंना त्यांचीच भाषा शिकवायला निघालात? धन्य आहात. तुमचं पत्र मी सुतळीच्या बाबांना वाचून दाखवलं. आमचे मौनीबाबा 'हं' आणि 'हं हं' यापलीकडे महिनोन् महिने जात नाहीत, पण मिठाचं ऐकून चक्क 'अरे देवा' म्हणाले. तुमच्या दिरांना इतकं बोलतं केल्याबद्दल आभार.

इथे क्लासचं रूप पालटलंय. तो बस कंडक्टर आठवतो? शेवटच्या बाकावर भिंतीला चिकटून बसायचा आणि तुम्ही नाव घेतलं की त्याला खोकला यायचा. त्याने परवा उभं राहून त्या भाषेत आपल्या सासूची गोष्ट सांगितली. चुकांचा नुसता सडा, पण सगळे पोट धरधरून हसत होते. त्याला अडवायची माझी छाती झाली नाही. त्याचं झाल्यावर मी सगळं बरोबर करून म्हटलं, 'अच्छा, म्हणजे सासूबाई तुमच्याच बसमधून विनातिकीट उतरल्या?' तर 'हो ना बाई!' करून तो आणखी रंगात आला. लाँड्रीवाला वर डोकावून विचारून गेला, आज लग्न आहे का कोणाचं?

आणि सुतळी बोलायला लागली. लॅबमधून थेट येते, नखांत मेण, केसांत प्लास्टरची पांढरी भुकटी, आणि टेकल्या टेकल्या सुरू होते. कामाचं, पुढच्या वर्षाचं, काय काय सांगत असते. मी सगळ्याला छान म्हणते. तुम्ही वर्षभर दाबून ठेवलेलं बाहेर पडतंय, पडू दे.

नातीने लगेच उचललं म्हणता. दादूचा फोन आला होता. काय म्हणाला ते मी लिहीत नाही, चहाड्या करायची मला सवय नाही. फोन तुमच्या तब्येतीविषयी नव्हता, एवढंच सांगते.

धाकटी


३ मे

धाकटीला,

दादू माझा मुलगा आहे. तो काय म्हणाला असेल ते तुझ्या तोंडून कळायची मला गरज नाही. कामाचा ताण आहे त्याला, म्हणून कोणालाही फोन करत सुटतो.

तुझा क्लास रंगात आला, अभिनंदन. आता एक कर. त्या कंडक्टरला विचार, गेल्या आठवड्यात बाईंनी तुमची कुठली चूक दुरुस्त केली? त्याला विचार, नाहीतर आणखी कोणालाही विचार. एकाला जरी सांगता आलं, तरी मी हे बोट कापून तुला पोस्टाने पाठवते.

माझ्या पद्धतीने काय होतं ते ऐक. इकडे यायच्या आधी मी 'पुढच्या वर्षी मी' हा पाठ घेतला होता. सगळ्यांनी ठरलेलं सांगितलं, घर बांधीन, गाडी घेईन, बारीक होईन. सुतळीचा नंबर आला तेव्हा ती उभी राहिली आणि म्हणाली, मला तिकडे जायचं नाही, मला इथेच राहून स्वतःची लॅब काढायची आहे. पण म्हणाली कसं! क्रियापद चुकलं, शब्दांचा क्रम चुकला, उच्चारांबद्दल तर बोलायलाच नको. मी दर चुकीला बोट वर केलं. पोरगी रडकुंडीला आली, तरी मी सोडलं नाही. शेवटी ते वाक्य तिच्या तोंडून इतकं स्वच्छ, घासूनपुसून बाहेर पडलं की मी ते सगळ्या क्लाससमोर पुन्हा म्हणवून घेतलं आणि टाळ्या वाजवायला लावल्या. दुसऱ्याच दिवशी तिचे नोकरीचे कागद दादूकडे धाडले. असं वाक्य बोलणारी मुलगी तिकडे नाव काढणार, याबद्दल मला शंकाच उरली नव्हती. याला शिकवणं म्हणतात.

इथे घरात आता शांतता आहे. सूनबाई स्वयंपाकघरात फोनवर हळू आवाजात बोलतात, मी गेले की फोन ठेवतात. नात काही विचारलं की मान हलवून उत्तर देते. चुकीचं बोलण्यापेक्षा न बोललेलं बरं, एवढ्याशा पोरीला कळलं बघ. शिस्त लागायला वेळ लागतो, पण लागते.

ताई


२४ जून

ताई,

सुतळी पुन्हा नापास झाली. झालं समाधान?

तोच बाक, तीच दाराची काच. आत ती खळखळून बोलत होती, परीक्षक हसत होते. चष्मा घसरला तरी ती थांबली नाही. मी बाहेर बसून कोणाकोणाला आधी कळवायचं ते ठरवत होते. मग ते स्वतः बाहेर आले आणि मला म्हणाले, 'मुलगी गोड आहे हो तुमची, पण मी चूक दाखवली की ती खूश होऊन मान डोलावते आणि तीच चूक पुन्हा करते. तिला वाटतं मला तिचं पटलं.' अगदी तुमच्या पत्रातले शब्द. मला तोंडात मारल्यासारखं झालं. तुम्ही त्यांनाही पत्रं लिहिता की काय?

पण जबाबदार तुम्हीच. वर्षभर तोंड शिवलेल्या मुलीला मी चार महिन्यांत बोलतं केलं. वेळ मिळाला असता तर बरोबरही बोलती झाली असती. माझा सगळा वेळ तुम्ही केलेलं निस्तरण्यात गेला.

आणि त्या टाळ्यांच्या वाक्याचं कौतुक मला सांगू नका. ते वाक्य ती माझ्यासमोरही म्हणते. 'पुढच्या वर्षी' म्हटलं की तिचं तेच सुरू. मागे एकदा तर सगळं खुलासेवार सांगितलं. बाजारामागच्या गल्लीत खोली आहे, तिला खिडकी कुठल्या बाजूला आहे, घासायचं यंत्र कुठे बसवायचं, साचे कुठे वाळवायचे. चुका मात्र जुन्याच. म्हणजे तुमचं घासणंपुसणंही कुठल्या कुठे वाहून गेलं! मी नेहमीसारखं बरोबर करून म्हटलं, 'अच्छा, म्हणजे तुला तिकडे जायचं नाही, इथेच लॅब काढायची आहे, छान!' आणि पुढच्याकडे वळले. ती उभीच होती. मी म्हटलं, बस ना बाळा. तुम्ही असतात तर बिचारीला रडवल्याशिवाय खाली बसू दिलं नसतं.

सप्टेंबरची परीक्षा या वर्षातली शेवटची. त्यानंतर मालक जागा दुसऱ्याला देतील. ही नोकरी हातची गेली तर मी तुम्हाला माफ करणार नाही.

धाकटी


१२ जुलै

धाकटीला,

समाधान झालं असं लिहिणार नाही, कारण ती माझी पुतणी आहे. नवल वाटलं असंही लिहिणार नाही.

आता तू बाजूला हो. दर रविवारी दुपारी मी सुतळीला फोन करून तयारी करून घेणार आहे, आणि गेल्या रविवारी सुरुवात केलीसुद्धा. फोनवर बोट दिसत नाही म्हणून मी चमच्याने कप वाजवते. एकदा वाजला की तिने थांबायचं. फरक लगेच पडला. बोलते थोडं, पण बोलते ते चोख.

तिचं ते लॅबचं वाक्य मी बंद करायला सांगितलं. म्हटलं, परीक्षकांसमोर तेच म्हणालीस, तर ते विचारतील मग परीक्षा कशाला देतेस बाई? पाठातली वाक्यं पाठापुरतीच असू द्यावीत. ती म्हणाली, 'बरं काकू.' शहाणी आहे. तुझ्यावर गेली नाही.

सूनबाई नातीला घेऊन त्यांच्या आईकडे गेल्या आहेत, जरा हवापालटाला. दादू लवकर निघतो आणि बाहेरच जेवून येतो. काल विचारत होता, 'आई, तू कधीपर्यंत आहेस?' क्लासची काळजी बिचाऱ्याला. मी म्हटलं, मला घाई नाही.

ताई


१९ सप्टेंबर

आई आणि काकू,

तुम्हा दोघींना एकच पत्र लिहितेय, दोन प्रतींत. आईची तिच्या उशीवर ठेवली आहे, काकूंची पोस्टात टाकतेय.

मी पास झाले. चांगली पास झाले. आणि मी तिकडे जाणार नाही.

काल लॅबच्या मालकांना मी स्वतः फोन केला. त्यांच्याच भाषेत बोलले. म्हटलं, तुम्ही जागा राखून ठेवलीत, आभारी आहे, पण मला यायचं नाही. मला इथेच स्वतःची लॅब काढायची आहे. त्यांनी एकदाच ऐकलं. म्हणाले, 'असं होय. कळलं.' मग विचारलं, यंत्र नवं घेणार की वापरलेलं? वापरलेलं घेणार असशील तर मोटर आधी चालवून बघ, आवाज ऐक. बराच वेळ आम्ही यंत्रांबद्दल बोललो. फोन ठेवला आणि मी जिन्यात बसून रडले.

तुम्ही म्हणाल, घरात का नाही सांगितलंस? घरात कुठे सांगू? घरात काकू बोलत असतात, नाहीतर आई बोलत असते, आणि दोघी नसल्या की बाबा असतात. क्लासमध्ये निदान आपला नंबर येतो. नंबर आला की सगळे गप्प बसतात आणि आपल्याकडे बघतात. म्हणून मी तिथे सांगितलं. काकू, तुम्हाला सांगितलं, तर तुम्ही टाळ्या वाजवायला लावल्यात. आई, तुला सांगितलं, तर तू छान म्हणालीस आणि बस म्हणालीस. मी दोघींना पुन्हा पुन्हा सांगितलं. मला वाटायचं, आज माझं वाक्य नीट आलं नसेल, उद्या नीट म्हणू, मग कळेल.

मग परीक्षा कशाला दिली, असंही विचाराल. न देता इथे राहिले असते, तर जन्मभर तुम्ही म्हणाला असतात की जमलं नाही म्हणून राहिली. आता तसं म्हणता येणार नाही.

बाजारामागची खोली मी घेतली आहे. खाटही तिथेच टाकली आहे. काही दिवस कोणी भेटायला येऊ नका. काकू, या पत्रात चुका सापडल्या तर तुमच्याजवळच ठेवा.

सुतळी


५ ऑक्टोबर

धाकटीला,

तुझ्या मुलीने माझ्या मुलाचं नाक कापलं. त्याने मालकांपुढे शब्द टाकला होता, माझ्या शब्दाखातर. आता तो त्या रस्त्याने जात नाही. 'छान, छान' करून तू तिला डोक्यावर बसवलंस, त्याचं हे फळ. पास झाली ती माझ्या रविवारांमुळे, आणि माझ्याच शिकवण्याचा उपयोग तिने मला नाही म्हणायला केला.

मला न सांगता असं करायचं? मी काय तिला खाल्लं असतं? सांगितलं म्हणते. पाठातलं वाक्य म्हणजे का सांगणं? पाठात लोक राजवाडे बांधतात, चंद्रावर जातात. प्रत्येकाचं खरं मानत बसले असते तर शिकवलं कधी असतं?

मला एकच कळव. मालकांशी फोनवर बोलताना ती कुठे चुकली का? दादूला विचारलं, तर तो ताटावरून उठून गेला.

त्याने माझं परतीचं तिकीट काढलं आहे, पुढच्या महिन्याच्या तीस तारखेचं. मी म्हटलं, सूनबाई आल्या की जाईन, सगळं त्यांच्या हाती देऊन. तर म्हणाला, 'आई, तू गेलीस की ती येणार आहे.' असं तोंडावर म्हणाला. वाक्य बरोबर होतं. मला दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आल्यावर क्लास मी ताब्यात घेईन. बोट पुन्हा सुरू होईल. सुतळीशी काय बोलायचं ते मी बघेन.

ताई


२४ ऑक्टोबर

ताई,

क्लासची किल्ली लाँड्रीवाल्याकडे ठेवली आहे. विद्यार्थी तुमचे, फळा तुमचा, बोटही तुमचंच, येताच घ्या. मला तिथे पाऊल टाकायचं नाही. पण सुतळीशी तुम्ही बोलायचं नाही. ते मी पाहीन, आणि माझ्याच्याने झालं नाही तर कोणीच बोलायचं नाही.

तिने येऊ नका म्हटलं होतं, तरी मी गेले. खोली लहान आहे, पण नीटनेटकी. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, खिडकीखाली यंत्र. ती कोणाची तरी कवळी घासत होती. मला बघून हातातलं काम थांबवलं नाही. मी स्टुलावर बसले. मौनीबाबा अधूनमधून तिच्याकडे जाऊन बसतात, असं तिथे कळलं. त्यांच्यासाठी दुसरा कप ठेवला आहे तिने. माझ्यासाठी नव्हता.

शेवटी मी विचारलं, 'माझ्यावर रागावलीस?'

'हो,' म्हणाली. 'मी तुला माझं सांगत होते, आणि तू नुसती वाक्यं नीट करत होतीस.'

आणि ताई, मी हसले. हसून म्हटलं, 'अच्छा, म्हणजे तू मला तुझं सांगत होतीस आणि मी वाक्यं नीट करत होते.'

तोंडातून निघून गेलं. ठरवून नाही म्हटलं, तुमची शपथ. तिने यंत्र बंद केलं. मग उठली आणि दार उघडून धरलं. मी पायात चपला घालेपर्यंत ते धरून उभी होती.

हे तुम्हाला सांगावं लागतंय याची मला चीड येते. तुम्ही मला आवडत नाही, कधी आवडला नाहीत, आणि या मुलीचं आपण दोघींनी मिळून जे केलं त्यात तुमचा वाटा मोठा आहे असंच मी मरेपर्यंत म्हणणार. पण चूक ओळखण्यात तुमच्यासारखं कोणी नाही. म्हणून विचारते. तिथे मी काय म्हणायला हवं होतं? बरोबर वाक्य कोणतं? आजवर न विचारता सांगत आलात, आता विचारतेय तर सांगा. उलट टपाली सांगा. मला पुन्हा जायचं आहे आणि या वेळी चुकायचं नाही.

धाकटी


९ नोव्हेंबर

धाकटीला,

पत्र मिळालं. चूक मला लगेच दिसली. ती तुलाही दिसली आहे, म्हणून लिहीत नाही.

सुतळीच्या बाबतीत माझा वाटा मोठा की तुझा, यावर तुझ्याशी भांडायला मी तिथे येणारच आहे. बरोबर वाक्य मात्र मला येत नाही.

काल सूनबाई नातीचे गरम कपडे न्यायला आल्या होत्या. एकट्याच. मी दार उघडलं. दारात उभ्या राहून त्या माझ्याशी काहीतरी बोलल्या, घाईघाईने, अर्धे शब्द गिळत. मी हात स्वेटरच्या खिशात घालून ठेवले आणि ऐकलं. मग माझी बोलायची वेळ आली. इतकी वर्षं ही भाषा शिकवली, शेकडो माणसांना उभं करून बोलायला लावलं, आणि त्या बाईंना म्हणायचं एक वाक्य मला सापडेना. त्या थांबल्या होत्या, थांबल्या नाहीत असं नाही. मग कपड्यांची पिशवी घेऊन गेल्या.

तेव्हा मला विचारू नकोस. सुतळीला विचार, काय म्हणायला हवं होतं ते. तिने सांगितलं तर मला लगेच कळव. माझं तिकीट तीस तारखेचं आहे.

ताई